एकास चार

आमच्या भाऊजींना 'गव्हर्नर' हे नाव माझ्या वडिलांनी चेष्टेने ठेवलं आणि त्यांनी ते मानाने घेतलं. एवढ्यावरून माणूस कळावा.

ते बँकेच्या परकीय चलन खात्यात कारकून होते. सकाळी बँक उघडायच्या आधी राजधानीतून फोन यायचा, कुणीतरी एक आकडा सांगायचं आणि तो आकडा भाऊजी काळ्या फळ्यावर खडूने लिहायचे. संध्याकाळी पुसायचे. कोंबड्याचा उजाडण्याशी जेवढा संबंध, तेवढाच त्यांचा दराशी. पण फळ्याखाली दहा माणसं माना वर करून उभी आहेत आणि खडू आपल्या हातात आहे, ही गोष्ट एकदा अंगात भिनली की उतरत नाही. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि चेहरा असा की देशाची तिजोरी आत्ताच बंद करून आलेत.

माझी ताई या माणसाला दिली तेव्हा मी शाळेत होते. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. ती नर्स होती. कामाला वाघ, बोलायला कमी. आई म्हणायची, "बँकेतला आहे, पैशाला चोख असेल." चोख होताच. पैसे कधी चुकले नाहीत, फक्त कधी उपयोगाला आले नाहीत.

दराचं प्रकरण थोडं सांगायला हवं, त्याशिवाय ताईचा संसार कळायचा नाही.

समुद्रापलीकडे, दुपारच्या बोटीत बसलं की संध्याकाळी उतरावं इतक्या अंतरावर, एक देश आहे. आमच्याहून लहान आणि आमच्याहून श्रीमंत. मासे डब्यात भरून जगभर विकणं हा त्यांचा धंदा, आणि त्या डब्यांना लागणारं कथील आमच्या खाणीतलं. त्यांना आमच्यावाचून चालत नव्हतं, आम्हाला त्यांच्या पैशावाचून. तेव्हा दोन्ही सरकारांनी बसून सही केली, की त्यांची एक नोट म्हणजे आमच्या चार. एकास चार. आम्ही शाळेत त्यावर गणितं सोडवली. कुणी भांडायला लागलं की म्हणायचं, "तू काय स्वतःला एकास चार समजतोस?" इतका तो दर अंगवळणी पडला होता.

मग तिकडे कथलाशिवायचे डबे निघाले. आमच्या खाणीबाहेर ढीग पडून राहिले, कामगार घरी बसले आणि आमच्या सरकारने खर्च कमी करायचा सोडून नोटा छापल्या. दर मात्र चारच. तो बदलला तर अब्रू जाईल ना. बँकेच्या खिडकीत चार आणि बाजारामागच्या बोळात, सायकल दुरुस्तीच्या दुकानात, सात. शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं. तिकडचे पैसे घेऊन खिडकीवर फक्त दोन जातीचे लोक यायचे. ज्यांना बोळ ठाऊक नाही ते परदेशी, आणि ज्यांना सगळं ठाऊक आहे ते आमचे भाऊजी.

ताई तेव्हा नुकतीच परत आली होती. लग्नानंतर नऊ वर्षं ती तिकडच्या हॉस्पिटलात होती. वर्षातून दोनदा बोटीने यायची, मुलाला आठवडाभर मांडीवर घ्यायची आणि परत जायची. मूल आमच्या आईने वाढवलं. घर घ्यायचं म्हणून हे सगळं. नऊ वर्षांत तिने त्या देशात एक छत्री आणि एक गरम कोट एवढंच घेतलं. बाकी सगळं साठवून आणलं.

घरही ठरलं होतं. ताई आज राहते त्याच इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे फरशीचं अंगण. अंगणात नळ. ताईने ते अंगण पाहिलं होतं आणि तिथेच उभी राहून हसली होती. ताई हसते म्हणजे तिचं पक्कं झालं.

वडील भाऊजींना म्हणाले, "जावईबापू, सगळं एकदम बदलू नका. राहू द्यात तिकडच्या नोटा. नाहीतर सरळ बोळात जा. जग जातंय."

"बँकेतल्या माणसाची बायको बोळात?" भाऊजी म्हणाले. "आणि मामा, परवाच अर्थमंत्री रेडिओवर बोलले. दर हलणार नाही."

"मंत्री हलणार नाही म्हणाला की आपण गाठोडं बांधायला घ्यावं."

"तुम्हाला यातलं कळत नाही मामा. दर म्हणजे काय, तर दोन राष्ट्रांनी एकमेकांना दिलेला शब्द."

शब्द! दुसऱ्या दिवशी ताईला खिडकीवर उभं करून त्यांनी तिची नऊ वर्षं एकास चारने बदलून घेतली. खिडकीमागचा त्यांचाच सोबती म्हणाला म्हणे, "अरे, वेडा झालास का?" हे म्हणाले, "पावती दे."

महिना उलटला नाही. शुक्रवारी अर्थमंत्री पुन्हा रेडिओवर आले, पुन्हा शपथ घेतली, आणि सोमवारी दर नऊ. राजधानीतून फोन आला आणि भाऊजींनी स्वतःच्या हाताने फळ्यावर नऊ लिहिला. तो नऊ आपण कसा लिहिला ते अजून सांगतात, जसं काही फार मोठं बलिदान केलं. तळमजल्याच्या मालकाने घर विकायचंच नाही म्हणून सांगितलं, नंतर दुप्पट सांगितलं आणि शेवटी एका मास्तरीणबाईंना दिलं. ताईच्या पैशात याच इमारतीतला चौथा मजला बसला. लिफ्ट नाही. तेव्हा ताई पस्तिशीची होती. चार जिने म्हणजे तिला काहीच नव्हतं.

"आपण अधिकृत दराने बदलले," भाऊजी म्हणत. "त्यात आपलं काही चुकलं नाही. दर चुकला."

शहाण्याला एक ठेच पुरते म्हणतात. भाऊजींना एक ठेच लागली आणि त्यांनी त्या दगडाचा अभ्यास सुरू केला. रेघांचे कागद आणले, ओळीने चिकटवले आणि स्वयंपाकघराच्या दारापासून न्हाणीघरापर्यंतच्या बोळवजा वाटेच्या भिंतीवर दराची रेघ काढायला घेतली. कराराची सपाट रेघ, मग तुटलेला कडा, मग दुष्काळाचं साल, मग तिकडची निवडणूक, मग आमच्याकडे सरकार पडलं ते. प्रत्येक ठिकाणी बारीक अक्षरात कारण. घरी आलेला माणूस हात धुवायला निघाला की त्या भिंतीपाशी अडकायचा. आमच्या आईला एकदा जोराची लागली असताना त्यांनी तिला कथलाचा करार समजावला होता.

घरातल्या तारखाही दरानेच. मुलाची मुंज, मॅट्रिक विचारू नका. "मुलगा नोकरीला लागला तेव्हा साडेसतरा होता." "तुझे वडील गेले तेव्हा एकोणीसला टेकला होता." वडील गेल्याचं दुःख बाजूला राहायचं आणि माणसं एकोणीस का टेकला ते ऐकत बसायची.

आणि अभ्यासातून धडा काय घेतला? तर तिकडचा पैसा कधीही बदलायचा नाही. आधी बदलू नका म्हणून सगळं गाव सांगत होतं तेव्हा बदलला. आता गरज आहे तेव्हा बदलायचा नाही.

तिकडच्या सरकारने ताईला पंचावन्नाव्या वर्षापासून पेन्शन चालू केली. नऊ वर्षांच्या नोकरीची, थोडीशीच. पण त्यांच्या पैशात. ती भाऊजींच्याच जुन्या बँकेत ताईच्या नावावर परकीय चलनाच्या खात्यात जमू लागली. खातं तिचं, सही तिची, आणि हुकूम गव्हर्नरचा. "हात लावायचा नाही. दर वर जातोय. शिखर आलं की बदलू." घर भाऊजींच्या पेन्शनीत चालायचं. ताई फाटक्या उशांना ठिगळं लावायची आणि तिच्या नावावर तिकडच्या नोटांवर नोटा बसत होत्या.

मग ताईचे गुडघे गेले. जन्मभर वॉर्डात उभी राहिलेली बाई, वर चार जिने. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, निदान जिने बंद करा. भाऊजी म्हणाले, "आत्ता तेवीस आहे. थोडं थांबू." तेवीसचे चोवीस झाले. "आता तर मुळीच नाही, आता कुठे चढायला लागलाय." दर चढत होता आणि बाई चढू शकत नव्हती, याचं त्या माणसाला काही वाटत नव्हतं. ताई आठवड्यातून एकदा उतरायची, पुढे महिन्यातून एकदा. नंतर उतरणंच सोडलं. मी जायचे तेव्हा ती खिडकीत बसलेली असायची.

"खाली येतेस का? मी धरते," मी म्हणायचे.

"उतरीन गं. परत चढवेल कोण? तुझे भाऊजी? ते दर चढवतात, बायको नाही."

ताईच्या तोंडून असं वाक्य वर्षातून एखादं निघायचं. मी तेवढ्यासाठी जायचे.

शेवटची तीन वर्षं तळमजल्यावरच्या मास्तरीणबाई अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या पाठीला जखमा झाल्या तेव्हा ही माझी बहीण कठडा धरून, एकेक पायरी बसत बसत खाली जायची आणि मलमपट्टी करायची. फक्त त्यासाठी जिने उतरायची. "तेवढंच अंगण दिसतं," म्हणायची. मास्तरीणबाई गेल्या. त्यांचा मुलगा तिकडे दातांचा डॉक्टर आहे. तो घर विकायला म्हणून पंधरा दिवसांसाठी आला आणि पहिल्यांदा ताईकडेच आला.

"काकू, तुम्ही आईचं केलंत ते मी पाहिलंय. घर तुम्हाला हवं असेल तर मी दुसऱ्याला दाखवतही नाही. एक टायरवाला गोदामासाठी मागतोय, त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही. पण मला पैसे तिकडचे लागतील, तिकडे दवाखाना घेतोय." आणि त्याने किंमत सांगितली.

मी तिथेच होते. ताईने माझ्याकडे पाहिलं. खात्यात त्याहून थोडे जास्तच होते. तिकडचे पैसे, तिकडच्याच पैशात किंमत. दुसरीतल्या पोरानेही सांगितलं असतं की इकडचं उचलून तिकडे ठेवा, झालं. बदलायचा प्रश्नच नाही. दराचा संबंधच नाही.

पण ज्या व्यवहारात दराचा संबंध नाही तो व्यवहार गव्हर्नरच्या घरात कसा व्हायचा?

"डॉक्टर, जरा इकडे या," भाऊजी म्हणाले, आणि त्या पाहुण्याला भिंतीपाशी उभं केलं. "हे बघा. आजचा दर एकतीस. इतिहासात नाही असा. का? तर तुमच्याकडे व्याज वाढवलं, आमच्याकडे पीक बुडालं आणि धान्य बाहेरून आणायला तिकडचा पैसा लागतोय. बरोबर? पण मालाच्या किमती बघितल्या तर खरा दर सव्वीस. आजचा दर हा दर नव्हे, ही अफवा आहे."

"असेल काका. पण मला इकडचे पैसे नकोतच. तिकडचेच द्या."

"तेच देणार! ऐका तर. आज हिचे पैसे मी एकतीसने विकतो. तीन आठवड्यांत दर सव्वीसला येतो. मी परत विकत घेतो. तुम्हाला तुमची किंमत पूर्ण मिळते, आणि आमच्याकडे हिच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनपुरते उरतात. एका दगडात दोन पक्षी."

डॉक्टरने भिंतीवरच्या त्या दगडाकडे पाहिलं. "आणि नाही आला सव्वीसला तर?"

"यावाच लागेल."

"काका, दात दुखेनासा व्हावाच लागेल असं पेशंटही म्हणतात." तो हसला, हे हसले नाहीत. "मी रविवारी जाणार. शनिवारपर्यंत तुमच्यासाठी थांबतो. त्यानंतर टायरवाला."

तो गेल्यावर भाऊजी चहा मागत म्हणाले, "थांबेल. काही शनिवार-बिनिवार नाही. ओल येणारं घर आहे, कोण घेणार?"

"टायरवाला घेणार," मी म्हटलं. "टायरांना ओल चालते."

"मेहुणीबाई, तुम्ही गोष्टी लिहा. चलन माझ्याकडे सोपवा."

"एकदा सोपवलं होतं की. त्याचा चौथा मजला झाला."

"तो मंत्र्याचा दोष होता!"

"अगं, राहू दे," ताई म्हणाली. ते काही आमचं भांडण मिटवायला नव्हे. चहा उतू चालला होता.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी बँकेतून फॉर्म आणला. परकीय चलन विकण्याचा. स्वतः भरला, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली आणि ताईपुढे ठेवला. खिडकीवर ताईला स्वतः जावं लागणार होतं, कारण एवढी मोठी रक्कम दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. ताईने फॉर्म वाचला आणि मिठाच्या बरणीखाली ठेवला.

"उद्या करते."

उद्याचा परवा झाला. भाऊजी जेवताना, झोपताना एकच. रेडिओ लावला की, "बघ, एकतीस पंधरा. हेच शिखर. उद्या घसरला तर तुझ्यामुळे." मुलाला फोन लावला, तो तिसऱ्या गावी राहतो, त्याने आपल्या पिढीची शहाणी रीत पाळली: "तुम्ही दोघं मिळून ठरवा." ताई ऐकून घ्यायची. नऊ वर्षं रात्रपाळीत लोकांचं कण्हणं ऐकलेली बाई, तिला हे काय नवीन.

गुरुवारी मी गेले तेव्हा ती एकटी होती. भाऊजी दर बघायला बँकेत गेले होते. आता तिथे फळा नाही, भिंतीवर लाल आकडे आपोआप बदलतात. तरी हे रोज जाऊन त्यांच्याकडे असे बघतात जसं काही मुलगी सासरी सुखात आहे ना ते बघायला आलेत.

"तुला खरंच सही करायची आहे का?" मी विचारलं.

ताईने गुडघ्यावर तेल चोळता चोळता उत्तर दिलं. "तेव्हा मी सही का केली होती, माहीत आहे? मला वाटलं, नऊ वर्षं मी नव्हते, घर यांनी सांभाळलं. मूल आईने सांभाळलं हे खरं, पण घर यांनी. आता एवढं यांचं ऐकावं. नाही म्हटलं तर म्हणतील, कमावून आली, डोक्यावर बसली."

"मग आता?"

"आता डोक्यावरच बसलेय. चार मजले." तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली. "उद्या सकाळी ये. मला उतरवायला दोघं लागतील. आणि त्या डॉक्टरला फोन लाव, मला देऊ नकोस, तूच बोल. म्हणावं, बँकेत ये."

"भाऊजींना काय सांगणार?"

"काय सांगायचं? बँकेत जाऊ म्हणेन. ते स्वतःच येतील."

आलेच. एवढंच नाही, इस्त्रीचा शर्ट घालून आले. एका बाजूने त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूने मी, आणि ताई एकेक पायरी उतरली. दोन जिन्यांच्या मध्ये ती थांबायची, डोळे मिटायची. हे तेवढ्या वेळात मला कथलाचा भाव सांगायचे. तळमजल्याच्या बंद दारापाशी ती जरा जास्त थांबली.

"चल गं, दर दहाला बदलतो," भाऊजी म्हणाले.

खिडकीत एक तरुण मुलगी होती. भाऊजींनी खिडकीवर कोपर टेकलं. "मी इथेच होतो. फळा मी लिहायचो."

"कुठला फळा?" मुलीने विचारलं.

कुणी मारलं असतं तरी त्यांना एवढं लागलं नसतं. पण ते सावरले. अशी माणसं फार लवकर सावरतात, कारण आत काही मोडलेलंच नसतं. त्यांनी घडी घातलेला फॉर्म पुढे सरकवला. "हिचं खातं. सगळी रक्कम विकायची. आजच्या दराने. सही ही तुमच्यासमोर करेल."

मुलीने फॉर्म उलटसुलट पाहिला आणि ताईकडे वळली. "आजी, सगळे बदलून हवेत ना?"

"नाही," ताई म्हणाली.

एवढाच शब्द. पण मी त्यासाठी इतकी वर्षं थांबले होते की मला नीट ऐकू आला की नाही याचीच शंका आली.

"आहेत तसेच पाठवायचे आहेत," ताई पुढे म्हणाली. "त्यांच्या खात्यात." बाकावर बसलेला डॉक्टर उठून पुढे आला आणि त्याने आपला खाते क्रमांक दिला.

"अगं!" भाऊजींचा आवाज एकदम वर गेला. बँकेतली माणसं वळून बघायला लागली. खूप वर्षांनी त्यांच्याकडे पुन्हा दहा जण बघत होते. "अगं, एकतीस! इतिहासात नाही असा दर! कळतंय का तू काय करतेस? हातात आलेलं शिखर..."

"इतिहास तुमच्याकडेच राहू द्या," ताई म्हणाली. "मला खाली राहायचंय."

"ऑपरेशनचे पैसे निघाले असते यातून! तुझ्याच गुडघ्यांचे!"

"गुडघे सहा वर्षं दुखतायत. तेवीसला दुखत होते, चोवीसला दुखत होते. तेव्हा बोलला नाहीत." मग त्या मुलीला म्हणाली, "बाळ, कुठे करू सही? पेन्सिलीची फुली आहे तो कागद नको. दुसरा दे."

भाऊजी बाकावर बसले. चेहरा असा, की देश बुडाला आणि आपलं कुणी ऐकलं नाही. मी त्यांना पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "तू सांगितलंस ना तिला हे?"

"भाऊजी, हे सांगायला कुणी लागतं का?"

त्यांना कळलं नाही. त्यांना खरंच कळलं नाही, हे मी शपथेवर सांगते. बायकोच्या डोक्यातून काही निघू शकतं, ही शक्यता त्यांच्या भिंतीवर कुठेच काढलेली नव्हती.

महिन्याच्या आत ताई खाली राहायला आली. वरचं घर दोन कारकून मुलींना भाड्याने दिलं. भाऊजींनी करारात अट घालायला लावली की दराच्या भिंतीला रंग द्यायचा नाही. मुलींनी हो म्हटलं आणि तिथे कपडे वाळत घालायची दोरी बांधली.

आणि मग सगळ्यांत हास्यास्पद गोष्ट झाली. दर खरंच पडला. आमच्याकडे पाऊस बरा झाला, धान्य आलं, तिकडे सरकार बदललं, आणि एकतीसचा एकोणतीस, एकोणतीसचा सत्तावीस झाला. सव्वीस नाही, पण सत्तावीस. आयुष्यात पहिल्यांदा गव्हर्नर बरोबर ठरले. बायकोने न ऐकल्यामुळे बरोबर ठरले, म्हणजे पैज न लावता पैज जिंकले. याहून मोठं सुख अशा माणसाला दुसरं नाही. ताईने सही केली असती तर घर टायरवाल्याला गेलं असतं आणि यांच्या हातात नुसत्या आमच्या नोटांचा गठ्ठा राहिला असता, हे त्यांना मी दोनदा सांगून पाहिलं. "तो वेगळा मुद्दा," ते म्हणाले.

ते इतके खूश झाले की दहा वर्षांनी लहान दिसू लागले. इमारतीतल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. मीटर बघायला आलेल्या माणसाला सांगितलं, "आमच्या हिने किती घालवले, अंदाज करा." घालवले! माणूस ज्या घरात झोपतो त्याच घराला 'घालवले' म्हणतो आणि त्याच घरातलं जेवतो.

आता संध्याकाळी अंगणात त्यांचा दरबार भरतो. तीन-चार पेन्शनर, खुर्च्या आपापल्या घरून आणलेल्या. परवा मी गेले तेव्हा करार, कथील, कडा असं करत गाडी एकतीसपर्यंत आली होती.

"मी म्हटलं होतं, तीन आठवडे थांब," भाऊजी सांगत होते. "लागले किती? सहा. म्हणजे चुकलो किती? तीन आठवडे. एवढ्या इतिहासात तीन आठवडे म्हणजे काय! पण बायकांना धीर नसतो."

पेन्शनरांनी माना हलवल्या. ताई आत दाण्यांची सालं पाखडत होती. मी म्हटलं, "ताई, ऐकतेयस ना? तू धीर सोडलास."

"ऐकतेय."

"राग नाही येत?"

"सांगू दे गं. बसून एका जागी राहतात." तिने सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि भिंतीला धरून उठली. ऑपरेशन अजून व्हायचंय. ती एका बाजूला झुकतच चालते. कोपऱ्यातल्या चपला पायांनी ओढल्या, अंगणातून दरबाराच्या मधून वाट काढली. एका पेन्शनरला खुर्ची सरकवावी लागली.

"अगं, कुठे निघालीस?" भाऊजींनी वाक्य तोडून विचारलं.

"कोपऱ्यापर्यंत."

"कशाला?"

ताईने मागच्या फाटकाची कडी काढली. "काही नाही. उगाच," ती म्हणाली, आणि रस्त्याला लागली.